‘वन ऑफ हॉटेस्ट सिटी’: मँडरिन भाषकाच्या एका परिच्छेदातली सुपरलेटिव्ह डिग्री

समजा, शिकणारी मूळची वुहानची. मातृभाषा मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, वय तिशीच्या आत, इंग्रजी शाळेपासून शिकलेली. वाचन चांगलं, बोलताना अडखळते. आयेल्ट्स या इंग्रजीच्या चाचणीतल्या तोंडी परीक्षेची तयारी चालू आहे. त्या परीक्षेच्या दुसऱ्या भागात एक विषय हातात देतात, तयारीला एक मिनिट मिळतं आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं असतं. विषय निघाला: आपलं गाव. गावाबद्दल बोलायला लागलं की सगळ्यात मोठं, सगळ्यात जुनं, सगळ्यात आवडतं हे येतंच. सुपरलेटिव्ह डिग्री कितपत मुरली आहे हे बघायला याहून सोयीचा विषय नाही.

खालचा मसुदा कुणा एकीच्या वहीतून उतरवलेला नाही. मँडरिन भाषकांच्या इंग्रजीत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या चुका एका जागी याव्यात असा तो जुळवला आहे.

१. माय होमटाउन वुहान इज वन ऑफ हॉटेस्ट सिटी इन चायना.
२. जुलै इज द मोस्ट हॉट मंथ.
३. यांगत्झी इज चायनाज द लाँगेस्ट रिव्हर अँड द थर्ड लाँग रिव्हर इन द वर्ल्ड.
४. इन थ्री ओल्ड टाउन्स, हानकौ इज द मोस्ट बिझी.
५. आय मोस्ट लाइक हॉट ड्राय नूडल्स.
६. यू बेस्ट कम इन मार्च टु सी द चेरी ब्लॉसम्स.
७. द मोस्ट ऑफ व्हिजिटर्स आर यंग पीपल.
८. आय थिंक वुहान इज मोर ब्यूटिफुल दॅन एनी सिटी इन चायना.

माहिती म्हणून यात काही खोटं नाही. चोंगचिंग, वुहान आणि नानचिंग या यांगत्झीकाठच्या शहरांना चीनमध्ये ‘तीन भट्ट्या’ म्हणतात. वुचांग, हानकौ आणि हानयांग ही तीन जुनी गावं मिळून आजचं वुहान झालं. वुहान विद्यापीठातला चेरीचा बहर बघायला मार्चमध्ये झुंबड उडते. सांगायला तिच्याकडे भरपूर आहे आणि ते आकडे-नावांसकट आहे. अडचण फक्त सांगण्याच्या साच्याची आहे.

पहिल्या वाचनात काय दिसतं

लाल पेन हातात आलं की नजर आधी दुसऱ्या आणि चौथ्या वाक्यावर जाते. ‘मोस्ट हॉट’ खोडून ‘हॉटेस्ट’, ‘मोस्ट बिझी’ खोडून ‘बिझिएस्ट’. मग फळ्यावर नियम येतो: एका सिलॅबलचं, म्हणजे एका उच्चारखंडाचं, विशेषण असेल तर ‘एस्ट’, तीन किंवा जास्त असतील तर ‘मोस्ट’, दोन असतील तर शेवट बघायचा.

हा नियम तिला पाठ आहे. चीनमध्ये तो कनिष्ठ माध्यमिक वर्गांतच घोटून घेतात. ‘हॉट’मधला टी दुप्पट होतो, ‘बिझी’तल्या वायचा आय होतो, ‘ब्यूटिफुल’ला ‘मोस्ट’ लागतो, ‘गुड’चं ‘बेस्ट’ आणि ‘बॅड’चं ‘वर्स्ट’ होतं. रिकाम्या जागा भरायला दिल्या तर ती दहापैकी दहा मिळवेल. पहिल्याच वाक्यात ‘हॉटेस्ट’ तिने बरोबर लिहिलं आहे. दुसऱ्या वाक्यात तोच शब्द बिघडला, कारण तिथे लक्ष महिन्याच्या नावाकडे गेलं आणि मनातली चिनी रचना वर आली.

प्रत्ययाच्या चुका आहेत तीनच: ‘मोस्ट हॉट’, ‘मोस्ट बिझी’ आणि ‘थर्ड लाँग’. बाकीच्या सगळ्या विशेषणाच्या आजूबाजूला आहेत. कुठे ‘द’ गळला आहे, कुठे नको तिथे घुसला आहे, कुठे नाम एकवचनात राहिलं आहे, कुठे ‘ऑफ’च्या जागी ‘इन’ आला आहे, कुठे ‘अदर’ सुटला आहे. इथे पुन्हा विशेषणांची यादी पाठ करायला देणं म्हणजे जे येतं तेच परत शिकवणं. आमच्या मते या प्रकरणातली खरी अडचण एकच आहे: तुलना कोणत्या गटात चालली आहे ते ठरवण्याआधीच ती वाक्य सुरू करते. तीन प्रत्ययचुका सोडल्या तर जवळपास सगळ्या चुकांचा माग या एका जागेपर्यंत लागतो.

चिनीतला एक शब्द आणि इंग्रजीतल्या चार जागा

चिनीत हे सगळं काम ‘च्वेइ’ हा एक शब्द करतो. त्यातला च ‘चमचा’मधला, म्हणजे मराठी जिभेला अगदी ओळखीचा. विशेषणाच्या आधी ‘च्वेइ’ लावला की झालं. विशेषण बदलत नाही, ‘द’सारखं आर्टिकल नसतं, वस्तुवाचक नामाला अनेकवचनाचा प्रत्यय नसतो. शिवाय हा शब्द विशेषणापुरता नाही. आवडणे, भिणे, हवंसं वाटणे अशा मनाच्या क्रियापदांआधीही तो बसतो. ‘सगळ्यात पुढे’, ‘सगळ्यात वर’ असं जागा दाखवतानाही बसतो. ‘च्वेइ हाओ’ म्हणजे ‘सगळ्यात चांगलं’, आणि त्याच्यामागे क्रियापद आलं की ‘केलेलं बरं’.

इंग्रजी हेच काम चार जागांत वाटते. विशेषणाच्या आधी ‘द’ किंवा मालकी दाखवणारा शब्द. विशेषणाला ‘एस्ट’ किंवा ‘मोस्ट’. नामाचं वचन. आणि शेवटी ‘इन’ किंवा ‘ऑफ’ने उघड केलेला गट. चारांपैकी एक जागा चुकली तरी अर्थ पोचतो, पण परीक्षकाच्या कानाला वाक्य मोडल्यासारखं लागतं.

चिनी भाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकाने इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या ‘सगळ्यात उंच’मध्ये गट आधीच आत बसलेला आहे: सगळ्यांमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी मध्ये. ‘च्वेइ’मध्ये असं काही नाही. तो फक्त टोक दाखवतो. त्यामुळे मराठी मुलाला ‘सगळ्यात’ एवढं सांगून जे उमगतं, ते चिनी विद्यार्थ्याला ‘च्वेइ’ची आठवण करून देऊन उमगत नाही. उलट तो शब्द आठवला की ‘मोस्ट’ जिभेवर येतो आणि दुसऱ्या वाक्यासारखी चूक होते. ‘द’च्या बाबतीत मात्र मराठी आणि मँडरिन एकाच बाकावर आहेत, आपल्याकडेही आर्टिकल नाही. शिक्षकाच्या स्वतःच्या बोलण्यातून ‘द’ गळत असेल तर तो आधी तिथे दुरुस्त व्हायला हवा.

आणखी एक जोड आपल्याला मिळते, चिनी विद्यार्थ्याला नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ, श्रेष्ठ यांतला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ एकाच जुन्या इंडो-युरोपीय प्रत्ययातून आले आहेत. मराठीत ‘श्रेष्ठ’मधला तमभाव, म्हणजे सुपरलेटिव्हचा अर्थ, इतका विसरला गेला की आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो. ‘मोस्ट हॉटेस्ट’ लिहिणारा विद्यार्थीही दोन खुणा एकावर एक चढवतो, म्हणून त्या चुकीवर चिडू नये. दोन्हींपैकी एक खूण पुरते एवढंच दाखवावं.

गट बदलला की ‘द’ बदलतो

या दोन वाक्यांशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही:

वुहान इज द हॉटेस्ट ऑफ द थ्री सिटीज.
वुहान इज हॉटेस्ट इन जुलै.

दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात ‘द’ आहे, दुसऱ्यात नाही. पहिल्यात वुहानची तुलना इतर शहरांशी आहे. गटात तीन शहरं आहेत आणि त्यातलं एक निवडायचं आहे. दुसऱ्यात तुलना वुहानचीच वुहानशी आहे, महिन्यामहिन्यांची. निवडायला दुसरं शहर नाही, म्हणून ‘द’ नाही. ‘द रिव्हर इज डीपेस्ट हिअर’ हे वाक्यही याच जातीचं: एकच नदी, तिच्या निरनिराळ्या जागा.

‘सुपरलेटिव्हच्या आधी नेहमी द’ हा नियम अनेक शिकवण्यांत सांगतात. तो अर्धवट आहे आणि त्याचं नुकसान याच परिच्छेदात दिसतं. ‘चायनाज द लाँगेस्ट रिव्हर’ आणि ‘द मोस्ट ऑफ व्हिजिटर्स’ या दोन्ही चुका तो नियम मनापासून पाळल्यामुळे झाल्या आहेत. विद्यार्थिनीचा त्यात दोष नाही.

वाक्य दर वाक्य

पहिलं वाक्य सर्वांत शिकवण्यासारखं आहे. चिनीत ते साधारण असं असतं: वुहान हे चीनमधलं सर्वांत उष्ण शहर, त्यांतलं एक. ‘त्यांतलं एक’ सांगणारे ‘चृ यी’ हे दोन शब्द नामाच्या मागे, अगदी टोकाला येतात, आणि शहराला अनेकवचन नसतंच. इंग्रजीत ‘वन ऑफ’ पुढे येतं. ते पुढे आलं की ‘वन’ या शब्दानेच विद्यार्थी फसतो: एक म्हटलं आहे, मग पुढे एकवचन. उपाय असा की वाक्य डावीकडून उजवीकडे लिहूच द्यायचं नाही. आधी पूर्ण गट लिहायचा: ‘द हॉटेस्ट सिटीज इन चायना’. हा तुकडा कागदावर चौकटीत बंद करायचा. मग त्याच्या डावीकडे ‘वन ऑफ’ जोडायचं. चौकटीच्या आतल्या अक्षराला हात लावायचा नाही. ‘द’ आणि अनेकवचन दोन्ही आपोआप टिकतात. तुकडा वाक्याचा कर्ता असेल तर क्रियापद ‘वन’शी जुळतं: ‘वन ऑफ द हॉटेस्ट सिटीज इज वुहान’.

दुसऱ्यात फक्त रूप सुधारायचं: ‘द हॉटेस्ट मंथ’. इथे एक बारकावा आहे. सिलॅबल मोजण्याचा नियम स्वतःच्या उच्चारावर अवलंबून असतो. मँडरिनमध्ये सिलॅबलच्या शेवटी स्वर, न किंवा ङ एवढंच येऊ शकतं. बीजिंगकडच्या बोलण्यात र येतो. त्यामुळे ‘हॉट’चा शेवटचा ट निसटू नये म्हणून काही जण त्याला पुसटसा स्वर चिकटवतात. मग बोलणाऱ्याच्या कानाला ‘हॉट’ दोन सिलॅबलचा वाटतो आणि ‘मोस्ट’ योग्य भासतो. म्हणून सिलॅबल लिखित शब्दातल्या उच्चारित स्वरांवरून मोजायला शिकवावं, टाळ्या वाजवून नव्हे.

तिसऱ्यात दोन गाठी आहेत. ‘चायनाज’ आणि ‘द’ हे एकाच खुर्चीचे दावेदार आहेत. एक बसला की दुसरा उभाही राहत नाही. ‘चायनाज लाँगेस्ट रिव्हर’ किंवा ‘द लाँगेस्ट रिव्हर इन चायना’. ‘माय बेस्ट फ्रेंड’ हा सगळ्यांना तोंडपाठ असलेला नमुना समोर ठेवला तर हे एका मिनिटात पटतं, कारण ‘माय द बेस्ट फ्रेंड’ कुणीच म्हणत नाही. दुसरी गाठ ‘थर्ड लाँग’ची. चिनीत ‘जगातली तिसरी लांब नदी’ म्हणताना ‘ती सान छांग’ म्हणतात, म्हणजे तिसरी आणि लांब. ‘च्वेइ’ येतच नाही. ‘च्वेइ’ नाही म्हटल्यावर विद्यार्थी ‘एस्ट’ही सोडतो. इंग्रजीत क्रम कितवाही असो, विशेषण सुपरलेटिव्हच राहतं: ‘द सेकंड लार्जेस्ट’, ‘द थर्ड लाँगेस्ट’. नाइल आणि ॲमेझॉननंतर यांगत्झीचा क्रमांक तिसरा लागतो, म्हणून हे वाक्य वुहानच्या माणसाला हमखास लागणार आहे. ते पाठच करून टाकावं.

चौथ्यात गट तीन गावांचा आहे. चिनीत गट सांगताना ‘चाइ’, म्हणजे ‘…मध्ये’, हा एकच शब्द देशाआधीही चालतो आणि तीन गावांआधीही. इंग्रजीत जागा किंवा समूहाचं एकवचनी नाव असेल तर ‘इन’: ‘इन चायना’, ‘इन द क्लास’, ‘इन माय फॅमिली’. मोजता येणारे घटक अनेकवचनात असतील तर ‘ऑफ’: ‘ऑफ द थ्री टाउन्स’, ‘ऑफ ऑल द ब्रिजेस’. काळाच्या बाबतीतही बहुधा ‘ऑफ’: ‘द हॉटेस्ट डे ऑफ द इयर’. आणि गटात दोनच असतील तर सुपरलेटिव्ह नको: ‘द बिझिअर ऑफ द टू’. बोलण्यात मूळ इंग्रजी भाषकही इथे ‘बिझिएस्ट’ म्हणून जातात, पण परीक्षेच्या लेखनात जपावं.

पाचवं वाक्य ‘च्वेइ शीह्वान’चं थेट भाषांतर आहे. इंग्रजीत ‘मोस्ट’ इथे क्रियापदाच्या आधी न बसता शेवटी जातो: ‘आय लाइक हॉट ड्राय नूडल्स मोस्ट’ किंवा ‘बेस्ट’. याहून सहज: ‘माय फेव्हरिट डिश इज…’. ‘फेव्हरिट’मध्ये सर्वांत आवडता हा अर्थ आधीच आहे, तेव्हा ‘मोस्ट फेव्हरिट’ टाळावं.

सहाव्या वाक्याला जपून हात लावावा. ‘च्वेइ हाओ’ म्हणजे ‘हॅड बेटर’ असं समीकरण अनेक विद्यार्थ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. म्हणून ‘यू बेस्ट कम’ खोडल्यावर विद्यार्थिनी लगेच ‘यू हॅड बेटर कम इन मार्च’ लिहील. व्याकरण बरोबर, सूर चुकीचा. ‘हॅड बेटर’मध्ये ‘नाही केलंस तर बघ’ अशी ताकीद असते. पाहुण्याला बोलावताना ती बोचते. इथे हवं ते ‘द बेस्ट टाइम टु कम इज मार्च’. हे सांगितलं नाही तर दुरुस्तीनंतरचं वाक्य आधीच्यापेक्षा वाईट होतं.

सातव्यात सुपरलेटिव्ह मुळात नाहीच. ‘बहुसंख्य’ या अर्थाचा ‘मोस्ट’ आणि तमभावाचा ‘मोस्ट’ दिसायला सारखे आहेत. चिनीत पहिल्यासाठी ‘ता त्वो शू’ असा पूर्ण वेगळा शब्द आहे, म्हणून फरक समजावणं सोपं जातं: मनात कोणता चिनी शब्द आला ते विचारायचं. ‘ता त्वो शू’ आला तर ‘द’ नको. ‘मोस्ट व्हिजिटर्स’ म्हणजे एकूणच पाहुण्यांतले बहुतेक. ‘मोस्ट ऑफ द व्हिजिटर्स’ म्हणजे ज्या पाहुण्यांबद्दल बोलतोय त्यांच्यातले बहुतेक. ‘मोस्ट ऑफ व्हिजिटर्स’ मात्र होत नाही. ‘द मोस्ट व्हिजिटर्स’ वेगळं: इतर कोणत्याही महिन्यापेक्षा किंवा ठिकाणापेक्षा जास्त संख्या. ‘मार्च ब्रिंग्ज द मोस्ट व्हिजिटर्स’ हे शुद्ध वाक्य आहे, कारण तिथे महिन्यांचा गट आहे.

आठव्या वाक्यात तमभाव कम्पॅरेटिव्हच्या वेषात आला आहे. वुहान चीनमध्येच आहे. ‘एनी सिटी इन चायना’ म्हटलं की त्या गटात वुहानही येतं आणि शहर स्वतःपेक्षा सुंदर ठरतं. म्हणून ‘एनी अदर सिटी’. पण ‘वुहान इज हॉटर दॅन एनी सिटी इन इंग्लंड’मध्ये ‘अदर’ नको. वुहान त्या गटात नाही. चिनी वाक्यात ‘कोणतंही शहर’ एवढ्यावर भागतं, त्यामुळे इथे कान उपयोगी पडत नाही, गटच तपासावा लागतो.

काम कसं करायचं

चाळीस मिनिटांच्या चार बैठका पुरतात. क्रम बदलू नये.

पहिल्या बैठकीत इंग्रजी विशेषण उच्चारायचंच नाही. बारा चिठ्ठ्या घ्यायच्या, प्रत्येकीवर एक विषय: वुहान आणि चीनमधली शहरं, वुहान आणि वर्षाचे महिने, हानकौ आणि तीन गावं, यांगत्झी आणि जगातल्या नद्या, वुहान आणि इंग्लंडमधली शहरं, असं. विद्यार्थिनीने प्रत्येक चिठ्ठीवर गोल काढायचा आणि दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. ज्याच्याबद्दल बोलतोय ते गोलाच्या आत आहे का? त्यातलं एक निवडायचंय, काही निवडायचेत, की एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या वेळा तोलायच्यात? उत्तरं चिनीत दिली तरी चालतील, किंबहुना चिनीतच द्यावीत. ही बैठक अनेकांना वेळ घालवल्यासारखी वाटते. ती गाळली तर तिसऱ्या बैठकीत सगळं परत कोसळतं.

दुसऱ्या बैठकीत गटाचा तुकडा बांधायचा. फक्त नामसमूह, क्रियापद नाही: ‘द हॉटेस्ट सिटीज इन चायना’, ‘द बिझिएस्ट ऑफ द थ्री’, ‘चायनाज लाँगेस्ट रिव्हर’. असे पंधरा तुकडे. चुकलेला तुकडा खोडून वर दुरुस्ती लिहू नये. पूर्ण तुकडा नवा लिहायला लावावा, कारण ‘द’, रूप आणि वचन एकत्र हातातून जायला हवेत.

तिसऱ्या बैठकीत महाराष्ट्रातल्या शाळांत घोटून घेतला जाणारा ‘चेंज द डिग्री’चा प्रश्न उपयोगी पडतो. परीक्षा सोडली तर त्याचा उपयोग काय असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. या प्रकरणात तो नेमकं औषध आहे. ‘वुहान इज वन ऑफ द हॉटेस्ट सिटीज इन चायना’ याचं पॉझिटिव्ह रूप ‘व्हेरी फ्यू सिटीज इन चायना आर ॲज हॉट ॲज वुहान’. ‘सिटीज’ अनेकवचनात का, हे ‘व्हेरी फ्यू’ शेजारी ठेवलं की दिसतं. ‘नो अदर रिव्हर इन चायना इज ॲज लाँग ॲज द यांगत्झी’ यात ‘अदर’ गाळताच येत नाही, आणि तीच सवय ‘दॅन एनी अदर’मध्ये उतरते. दहा वाक्यं, प्रत्येकाची तिन्ही रूपं, तोंडी. लेखी करू नये. लेखी केलं की ते पुन्हा व्याकरणाचं गणित होतं.

चौथी बैठक उच्चाराची. ‘एस्ट’च्या शेवटी स आणि ट जोडून येतात आणि मँडरिनच्या सिलॅबलमध्ये असा शेवट नसतो. म्हणून ‘हॉटेस’ ऐकू येतं. याची फार काळजी करू नये: पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर मूळ भाषकही तो ट गिळतात, ‘लार्जेस्ट सिटी’तला ट जवळजवळ ऐकू येत नाही. पुढे स्वर असेल तिथे मात्र तो हवा. त्यासाठी ट पुढच्या शब्दाला जोडून द्यायचा: ‘लार्जेस–टिन–चायना’, ‘बिझिएस–टव्–द–थ्री’. ट सिलॅबलच्या सुरुवातीला आला की मँडरिन जिभेला त्याचं ओझं वाटत नाही. दुसरी खुबी ‘लाँग’ची. एकट्या ‘लाँग’च्या शेवटी प्रमाण इंग्रजीत ग उच्चारत नाहीत, फक्त ङ असतो, ‘लाँगेस्ट’मध्ये मात्र ग स्पष्ट येतो. ‘यंगेस्ट’, ‘स्ट्राँगेस्ट’ही तसेच. मँडरिन भाषकाचा ङ उत्तम असतो, म्हणून तो तिन्हीकडे ग गाळतो. मराठी शिक्षक उलट सगळीकडे ग उच्चारतो. इथे शिक्षकाने स्वतः नमुना देण्याऐवजी शब्दकोशातली ध्वनिफीत ऐकवावी.

उदाहरणं निवडताना एक काळजी. ‘अवर प्रॉडक्ट इज द बेस्ट’ अशी जाहिरातीची वाक्यं सरावाला देऊ नयेत. १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झालेल्या चीनच्या सुधारित जाहिरात कायद्याच्या नवव्या कलमात ‘राष्ट्रीय दर्जाचं’, ‘सर्वोच्च दर्जाचं’, ‘सर्वोत्तम’ हे शब्द जाहिरातीत वापरायला बंदी आहे. दंड २ लाख ते १० लाख युआन. यातला ‘सर्वोच्च दर्जा’साठीचा ‘च्वेइ काओ ची’ हा शब्दच चिनी शाळेत सुपरलेटिव्ह डिग्रीचं नाव म्हणून शिकवतात. मार्केटिंगमध्ये काम करणारी विद्यार्थिनी असं वाक्य लिहिताना आधी थबकते, मग ते पातळ करते, आणि सराव होतो तो भलत्याच गोष्टीचा. नद्या, पूल, हवामान, घरातली माणसं हे विषय मोकळे आहेत.

सुधारलेला परिच्छेद

माय होमटाउन, वुहान, इज वन ऑफ द हॉटेस्ट सिटीज इन चायना. इट इज हॉटेस्ट इन जुलै. द यांगत्झी, चायनाज लाँगेस्ट रिव्हर अँड द थर्ड लाँगेस्ट इन द वर्ल्ड, रन्स राइट थ्रू इट. ऑफ द थ्री ओल्ड टाउन्स, हानकौ इज द बिझिएस्ट. माय फेव्हरिट डिश इज हॉट ड्राय नूडल्स. द बेस्ट टाइम टु कम इज मार्च, व्हेन द चेरी ब्लॉसम्स आर आउट. मोस्ट ऑफ द व्हिजिटर्स आर यंग पीपल. टु मी, नो अदर सिटी इन चायना इज ॲज ब्यूटिफुल ॲज वुहान.

नदीच्या इंग्रजी नावाआधी ‘द’ आला आहे, तो तमभावामुळे नाही. इंग्रजीत नद्यांच्या नावांना तो लागतोच. विद्यार्थिनीला हे वेगळं सांगावं, नाहीतर ती ‘द वुहान’ लिहू लागते. आणि एका मिनिटाच्या बोलण्यात इतके सुपरलेटिव्ह दाटीवाटीने येणं परीक्षेत कृत्रिम वाटेल. हा परिच्छेद तपासणीचा आहे, पाठांतराचा नाही. प्रत्यक्षात तीन-चार पुरे.

दुरुस्तीनंतर काय बिघडतं

‘द’वर भर दिला की काही दिवस तो सगळीकडे उगवतो: ‘आय द मोस्ट लाइक’, ‘द मोस्ट पीपल थिंक’, ‘माय द फेव्हरिट’. त्या वेळी नवा नियम सांगू नये. वाक्य थांबवून एवढंच विचारावं: गोल कुठे आहे? ‘मोस्ट पीपल थिंक’मध्ये निवडलेला एक नाही हे तिचं तिला दिसतं. ‘एस्ट’वर भर दिल्यावर ‘फनेस्ट’ किंवा ‘टायर्डेस्ट’ असे शब्दही येतात. ‘फन’, ‘रिअल’, ‘टायर्ड’, ‘बोर्ड’ ही छोटी विशेषणं ‘मोस्ट’ घेतात एवढी चौकडी लिहून द्यावी. ‘क्लेव्हर’, ‘क्वाएट’, ‘सिंपल’, ‘कॉमन’ दोन्हीकडे चालतात, तिथे दुरुस्ती करायला जाऊ नये.

साधारण आठवड्याने पुन्हा तपासावं, पण गावाच्या विषयावर नाही. घरातल्या माणसांबद्दल दोन मिनिटं बोलायला सांगावं आणि फोनवर रेकॉर्ड करावं. ‘द यंगेस्ट ऑफ द थ्री’, ‘टॉलर दॅन एनीवन एल्स इन माय फॅमिली’ असे गट तिथे आपसूक येतात. ‘एल्स’ हा ‘अदर’चाच भाऊ आहे, तो सुटतो का ते बघावं. रेकॉर्डिंग तिनेच ऐकायचं, प्रत्येक सुपरलेटिव्हपाशी थांबवायचं आणि कागदावर चार खुणा करायच्या: द, रूप, वचन, गट. रूप आणि गट बहुतेक वेळा जागेवर असतात. बोलण्यात ‘द’ मात्र गळत राहतो, कारण त्यावर आघात नसतो आणि त्यातला इंग्रजी ध्वनी मँडरिनमध्ये नाही. लिहिताना ‘द’ येत असेल आणि बोलताना जात असेल तर ती उच्चाराची बाब समजावी, व्याकरणाकडे परत जाऊ नये. ‘इज द’, ‘ऑफ द’, ‘वन ऑफ द’ हे तीन जोड एका श्वासात, एका शब्दासारखे म्हणायचा रोज पाच मिनिटांचा सराव द्यावा, आणि बोलणं चालू असताना मध्येच थांबवून ‘द’ दुरुस्त करू नये.